मुंबई हायच्या तळाशी कातळातही तेल आहे, मग ते काढणं इतकं अवघड का?

परळ-लालबागमध्ये टॉवरचा पाया खणताना आधी भराव लागतो, मग मुरूम आणि शेवटी काळा कातळ. कातळ लागला की खोदकाम थांबतं. तेल शोधणारेही पूर्वी बहुतेकदा तिथेच थांबायचे. पण मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर, समुद्रातल्या मुंबई हाय क्षेत्रात तळाच्या कातळातूनही तेल निघालं आहे.

कातळात तेल आलं कुठून?

मुंबई हायचा शोध १९७४चा, उत्पादन २१ मे १९७६पासून. इथलं बहुतांश तेल चुनखडीच्या थरांतून येतं. त्याखाली ग्रॅनाइटसारखे जुने खडक आणि काही ठिकाणी बेसॉल्ट आहे. या दगडांत तेल तयार होत नाही. ते शेजारच्या खोलगट भागातल्या शेल खडकात तयार होतं आणि उंचावर असलेल्या कातळाच्या भेगांत, झिजून भुसभुशीत झालेल्या भागात शिरतं.

गावाकडची विहीर आठवा. झरा लागला तर पाणीच पाणी, चार हातांवर दुसरी खणली तर कोरडी. इथेही तसंच. भेग सापडली तर तेल जोरात येतं, पण त्याच भेगेतून खालचं पाणीही लवकर वर येऊ शकतं.

जगाचा अनुभव काय?

व्हिएतनामच्या बाख हो क्षेत्रात १९८८मध्ये ग्रॅनाइटमध्ये मोठा साठा लागला आणि देशाचं तेल उत्पादन बराच काळ त्यावर चाललं. उलट ब्रिटनच्या लँकेस्टर क्षेत्रात २०१९ला उत्पादन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी साठ्याचा अंदाज निम्म्याहून खाली आणावा लागला.

मग ‘६० टक्के वाढ’ म्हणजे काय?

जानेवारी २०२५मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपी कंपनीची निवड केली. उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढेल, अशा बातम्या आल्या. पण हा आकडा तेल आणि गॅस मिळून आहे, १० वर्षांचा आहे आणि ‘काहीच केलं नाही तर किती निघेल’ या अंदाजाच्या तुलनेत आहे. म्हणजे आजच्या उत्पादनात थेट ६० टक्के भर नाही. शिवाय तो पूर्ण क्षेत्राचा आकडा आहे, फक्त कातळाचा नाही.

तुमचा संबंध काय?

भारत ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो. १९८०च्या दशकात मुंबई हाय दिवसाला ४ लाख बॅरलहून जास्त तेल द्यायचं, २०२४मध्ये ते दीड लाखाच्याही खाली होतं. त्यामुळे कातळातलं तेल कामाचं आहेच, पण ती लॉटरी नाही. पुढच्या वेळी ‘नवा साठा सापडला’ अशी पोस्ट दिसली, तर पहिल्या दिवशी किती तेल आलं यापेक्षा वर्षभरानंतर किती येतंय, हे विचारा.