आधी काम, मग ग्राफिक्स कार्ड

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं एकोडी हे धानाच्या बांध्यांमधलं गाव. अशा गावात व्हिडिओ एडिटिंगचा संगणक कुणाला लागतो, असं शहरातल्या माणसाला वाटेल. त्यानं दिवाळीनंतर या भागात फिरून पाहावं. मंडया भरतात, शंकरपट होतात आणि झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र चालतात. या रंगभूमीची ताकद आता दिल्लीलाही ठाऊक आहे. 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली ती याच नाटकांसाठी. प्रत्येक प्रयोगाला पोस्टर लागतं, प्रत्येक पटाला फ्लेक्स लागतो. उन्हाळा लागला की लग्नं येतात. मग पत्रिका, बॅनर, शूटिंग, अल्बम. हे सगळं कुणीतरी संगणकावर बसूनच करतं. ते काम गावातल्या पोट्ट्यानं करायचं की पैसा साकोली-नागपूरला जाऊ द्यायचा, एवढाच प्रश्न आहे.

काम शिकलेली मुलं गावोगावी आहेत. अडतं ते यंत्रापाशी, आणि तिथंच बहुतेकांची गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. दुकानदार चमकदार गेमिंग लॅपटॉप दाखवतो, 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणतो आणि पोरगा दोन वर्षांसाठी हप्त्यात अडकतो. माझं मत उलट आहे. कमी पैशात हे काम सुरू करायचं असेल, तर डेस्कटॉप घ्यावा, सुटे भाग जोडून घ्यावा आणि टप्प्याटप्प्यानं घ्यावा.

कारण साधं आहे. आपल्याकडची कमाई महिन्याच्या एक तारखेला येत नाही. ती धान विकल्यावर येते, मंडईत येते, लग्नसराईत येते. हप्ता मात्र भर पावसाळ्यातही चुकत नाही. 'शून्य टक्के व्याज' या शब्दांना तर भुलूच नये. सप्टेंबर 2013 मध्ये रिझर्व्ह बँकेनंच बँकांना बजावलं होतं, की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नसते. व्याज कधी प्रोसेसिंग फीमध्ये लपतं, तर कधी रोखीवर मिळणारी सूट नाकारून वसूल होतं. मुसलमान घरांत व्याजाचा प्रश्न श्रद्धेचा आहे, शेजारच्या शेतकऱ्याच्या घरात तो हिशेबाचा आहे. उत्तर मात्र दोघांचं एकच निघतं: हातात असेल तेवढ्याचं घ्या, पण असं घ्या की पुढच्या हंगामात त्यातच भर घालता येईल. ही सोय लॅपटॉपमध्ये फारशी नसते. कित्येक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते आणि प्रोसेसर तर बदलताच येत नाही.

आता भागांचं बोलू. पहिल्या टप्प्यात ग्राफिक्स कार्ड घेऊच नका. त्याऐवजी प्रोसेसर असा निवडा, की ज्याच्या पोटातच ग्राफिक्स आहे. इंटेलचा आय-3 12100 हा चार कोर, आठ थ्रेडचा प्रोसेसर घ्या किंवा एएमडीचा रायझन 5 5600जी, ज्यात सहा कोर आणि बारा थ्रेड आहेत. मोबाईल आणि कॅमेरे व्हिडिओ एच.264 किंवा एच.265 मध्ये साठवतात. तो उलगडण्यासाठी इंटेलच्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची वेगळी यंत्रणा असते. इथं एक अक्षर नीट वाचा. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नसतं. थोडे पैसे वाचवून मोठं काम गमावण्याचा तो प्रकार.

इंटेलच्या या सॉकेटवर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्यांचे प्रोसेसर बसतात. त्यामुळे चार हंगामांनी त्याच मदरबोर्डावर जोरकस प्रोसेसर लावता येतो. जुन्या बोर्डाला फक्त बायोस अपडेट करून घ्यावं लागेल.

रॅमचा हिशेब फ्लेक्सवरून करा. आठ बाय दहा फुटांचा फ्लेक्स 72 डीपीआयला केला, तर चित्र 6,912 बाय 8,640 पिक्सेलचं होतं. छपाईच्या चार रंगांत त्याचा एकच थर जवळपास 240 एमबी जागा खातो. गावच्या फ्लेक्सवर नेते, आयोजक, बैलजोडी आणि शुभेच्छुकांचे तीसेक फोटो मिळून किती थर होतात, ते तुम्हीच मोजा. म्हणून 16 जीबी रॅम हवीच, आणि ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत हवी. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्या असल्या की तेही जोरात चालतं. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकले आहेत. तेव्हा सुरुवातीला आठची एकच पट्टी परवडली तरी चालेल, पण दुसरी जागा मोकळी राहील असाच बोर्ड घ्या.

साठवणुकीचा हिशेब लग्नावरून करा. कॅमेरा सेकंदाला 50 मेगाबिट नोंदवत असेल, तर तासाला साडेबावीस जीबी होतात. दोन कॅमेरे, सहा तास म्हणजे 270 जीबी. पाचशे जीबीची एसएसडी दुसऱ्याच लग्नात तुडुंब भरेल. म्हणून एसएसडी विंडोज आणि चालू कामासाठी ठेवा आणि जोडीला दोन टीबीची साधी हार्ड डिस्क लावा. ग्राहकाला त्याचं काम मिळेपर्यंत मूळ चित्रणाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर असलीच पाहिजे. लग्न दुसऱ्यांदा शूट करता येत नाही.

ज्या भागाबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, तो म्हणजे एसएमपीएस. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, म्हणजे विदर्भात पारा 45 अंशांकडे धावतो तेव्हा. त्याच दिवसांत संगणक तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करत असतो. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस इथं दगा देतो आणि जाताना मदरबोर्डही घेऊन जातो. 80 प्लस ब्रॉन्झ दर्जाचा, नावाजलेल्या कंपनीचा घ्या. कॅबिनेट काचेचं नको, पुढून जाळीचं आणि पंख्यांचं हवं. मळणीच्या दिवसांत त्याची धूळ झटका. रंगीत दिव्यांचे पैसे वाचवून यूपीएस आणि नीट अर्थिंग करून घ्या. उरलेल्या पैशात आयपीएस पॅनेलचा मॉनिटर बघा. पडद्यावरचा भगवा फ्लेक्सवर लालसर आणि हिरवा काळपट आला, की गावात भांडण व्हायला वेळ लागत नाही.

सॉफ्टवेअरचंही तसंच. चोरीचं फोटोशॉप टाकून सुरू केलेल्या धंद्याला हक्काची कमाई कसं म्हणायचं, हा प्रश्न प्रत्येकानं स्वतःला विचारावा. शिवाय त्यातून व्हायरस येतात ते वेगळेच. गिम्प, इंकस्केप, केडेनलाईव्ह, शॉटकट हे सगळं मोफत आहे. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती तर 4के पर्यंतचा व्हिडिओ बाहेर काढून देते. फक्त तिचा सारा भार ग्राफिक्स कार्डावर असतो, त्यामुळे पहिल्या टप्प्यात केडेनलाईव्ह बरं. 4के चित्रण अडखळत असेल तर प्रॉक्सी बनवा, म्हणजे कमी आकाराच्या प्रतीवर संपादन करा आणि शेवटी मूळ चित्रणातून व्हिडिओ काढा. 4के मध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, म्हणून या युक्तीनं लहान यंत्रही मोठं काम ओढतं.

अक्षरांची चिंता नको. मुंबईच्या एक टाइपनं केलेले मुक्ता आणि बलू हे देवनागरी फॉन्ट मोफत आणि धंद्यासाठी खुले आहेत. निकाहच्या पत्रिकेवर उर्दू हवी असेल, तर नोटो नस्तालिक उर्दू आहेच. एकाच पत्रिकेत दोन्ही लिप्या सुबक मांडून देणारा माणूस गावात असला, तर लोक तालुक्याला कशाला जातील? फ्लेक्सवाला कोरलची फाइल मागेल. त्याला अक्षरं आकृत्यांत बदलून पीडीएफ द्या, त्याचं काम होतं.

लॅपटॉपच्या बाजूनंही बोलण्यासारखं आहे. वीज गेली तरी तो चालतो आणि लग्नमंडपात नेता येतो. रील तर मोबाईलवरही बनते. पण सहा तासांचं लग्न मोबाईलवर कापता येत नाही. आणि बिघाड झाला की लॅपटॉप पूर्णच दुरुस्तीला जातो, डेस्कटॉपचा मात्र बिघडलेला तेवढा भाग काढून सीताबर्डीला नेता येतो.

ग्राफिक्स कार्डाचीही वेळ येईल. रांगेत कामं आहेत, रेंडर व्हायला रात्र पुरत नाही आणि दुसऱ्या दिवशीचं गिऱ्हाईक परत जातंय, असं झालं की ते घ्यावं. त्या दिवशी त्याचे पैसे आधीच्या कामातूनच आलेले असतील. आईवडिलांनीही मुलाला 'संगणक कितीचा?' एवढंच विचारू नये. 'या हंगामात यावर कोणतं काम करणार?' हेही विचारावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असेल, तर पहिल्याचं उत्तर घराला झेपेल असंच निघेल.