पाच रुपयांत निष्कलंक

भडगावला एमएच ५४ हा स्वतःचा आरटीओ क्रमांक मिळाला, म्हणजे लायसनच्या कामासाठी जळगावच्या खेपा घालण्याचा तालुक्याचा वनवास सरला म्हणायचा. आनंद आहे. पहिलं लायसन काढणारी पोरं रांग लावतील, ट्रॅक्टरवाले येतील. त्याच रांगेत कधीतरी एक निराळा गृहस्थही उभा राहील: काही वर्षांपूर्वी पिऊन गाडी चालवताना सापडलेला, कोर्टात दोषी ठरलेला आणि आता लायसन परत मागणारा. त्याला नेमकं काय विचारायचं, हे मात्र कायद्याला अजून सुचलेलं नाही.

शिक्षेच्या बाबतीत कायदा चोख आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या खेपेला १५,०००, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर कोर्टाने त्याला किमान सहा महिने गाडी चालवायला अपात्र ठरवायचं आणि लायसनवर तसा शेरा मारायचा.

खरी गंमत परतीच्या वाटेवर आहे. शेऱ्यानंतर सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर जुनं लायसन जमा करून कोरं करकरीत लायसन मिळवण्याचा हक्क कलम २५ देतं. अपात्रतेचा काळ त्यात धरत नाहीत, एवढाच काय तो कडकपणा. आणि कलमात लिहिलेली फी? पाच रुपये. योगायोग पाहा, विदेशी दारू एक दिवस पिण्याचा सरकारी परवानाही याच राज्यात पाच रुपयांचा, देशीचा दोन. पिण्याची मुभा आणि पिऊन चालवल्याचा डाग पुसणं, सरकारदरबारी भाव एकच.

लायसनच्या फॉर्म १ मध्ये अर्जदाराने स्वतःच्या प्रकृतीबद्दल लिहून द्यायचं असतं. फीट येते का, लाल-हिरवा रंग ओळखता का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, सगळी चौकशी होते. दारू सुटली का, एवढं कोणी विचारत नाही. शेवटी ‘इतर कुठला आजार’ असा रकाना आहे खरा. पण आपल्याकडे दारूला आजार म्हणतो कोण? परिवहन खात्याने लायसन काढून घेतलं असेल, तर आता उजळणी प्रशिक्षण केल्यावरच ते परत मिळतं. ठीक आहे, पण या गृहस्थाची अडचण क्लच-ब्रेकची नव्हतीच. जर्मनीत रक्तातलं प्रमाण फार चढलेलं निघालं, तर लायसन परत देण्याआधी वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय तपासणी होते. ब्रिटनमध्ये अशांना डॉक्टरकडे जाऊन रक्त द्यावं लागतं. आपल्याकडे कॅलेंडरची पानं उलटली की माणूस सुधारला, असं धरून चालतात.

अर्थात, लायसन परत मागायला येणारा हा त्यातला सज्जनच. पाचोरा रस्त्यावरच्या ढाब्यावरून रात्री उठून बुलेटला किक मारणाऱ्याला लायसन लागतं कुठे? किल्ली लागते. अपात्र असताना गाडी चालवली तर १०,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आहे. पण त्यासाठी आधी कोणीतरी गाडी अडवायला हवी, आणि तोंडात फुंकनळी द्यायचं पोलिसांना बहुधा ३१ डिसेंबरलाच आठवतं. म्हणजे जो मुकाट्याने मुदत भोगतो त्याला अर्ज, रांग आणि हेलपाटे. जो कशालाच जुमानत नाही त्याला सारा रस्ता मोकळा.

नव्या क्रमांकाबरोबर नवी रीतही सुरू करायला हरकत नाही: कलम १८५ खाली दोषी ठरलेल्याच्या अर्जासोबत सरकारी दवाखान्याची तपासणी, आणि रस्त्यावर वर्षभर नाकाबंदी. डाग पाच रुपयांत जातो. सवय जायला डॉक्टर लागतो, आणि त्याची फी कायद्याने अजून ठरवलेली नाही.