ऊस अत्यावश्यक, मग कोयता का नाही?



हंगामाची तयारी लागली की शेतकी खात्यात तोडणी-वाहतुकीचे करार सुरू होतात. गाड्या किती, कोयते किती, मुकादमाची उचल किती, जामीन कोण, हे सर्व कागदावर येते. या कागदावर सहसा कोयत्याचा आकडा असतो, कोयता धरणाऱ्याचे नाव नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरायचा ही जुनी रीत. त्यांच्या बरोबर आलेले लेकरू तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. ही गोष्ट वरवर कारकुनी वाटते. पण करोनाच्या साथीत लस कुणाला मिळाली आणि कुणाला उशिरा मिळाली, याचे निम्मे उत्तर आम्हाला या एका रकान्यात दिसते. साथ गेली, लोक ती विसरायलाही लागले. रकाना मात्र अजून कोराच आहे, म्हणून हा विषय आज काढला.

आधी लसीची पाळी कशी लागली ते आठवून पाहू. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. पहिली पाळी डॉक्टर, परिचारिका, आशा, अंगणवाडी यांची. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, असूही नये. पुढे पोलीस, महसूल, पालिका व पंचायतीचे कर्मचारी आले. १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि पंचेचाळीसच्या पुढचे आजारी लोक. १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या पुढचे सरसकट. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व जण कागदोपत्री पात्र झाले, पण लसच पुरेना. मेच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याने अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण थांबवले आणि साठा दुसऱ्या डोससाठी वळवला. २१ जूनपासून केंद्राने अठरा वर्षांवरील सर्वांना मोफत लस द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

वयाची ही पायरी डॉक्टरी हिशेबाने बरोबरच होती. म्हाताऱ्या माणसाला या रोगाचा धोका जास्त, त्यामुळे त्याला आधी लस. यात आम्ही खोड काढत नाही. पण फडातला माणूस डोळ्यासमोर आणा. वीस, पंचवीस, फार तर चाळीस. पंचेचाळीशीनंतर मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारे किती उरतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. ११ एप्रिल २०२१ पासून कामाच्या ठिकाणी लस देण्याची सोय झाली. ती शंभर पात्र माणसे असतील तिथे, आणि तीही पंचेचाळीसच्या पुढच्यांसाठीच. कारखान्याच्या आवारात असे केंद्र निघाले तरी त्यात बसणार कोण? ज्याचे नाव कारखान्याच्या पटावर आहे तो. तोडणारा हा मुकादमाचा माणूस. तो ना पटावर, ना वयात.

आता दुसरी बाजू बघा. मार्च २०२० मध्ये देश बंद झाला तेव्हा साखर कारखाने बंद झाले नाहीत. ऊस उभा ठेवता येत नाही, साखर जीवनावश्यक आहे, म्हणून गाळपाला मुभा मिळाली. आपल्या हिताचेच झाले ते. पण त्याचा अर्थ असा की ऊस अत्यावश्यक होता, साखर अत्यावश्यक होती, बॉयलर अत्यावश्यक होता, आणि वर्षभराने लसीच्या याद्या निघाल्या त्यांत ऊस तोडणारा तेवढा अत्यावश्यक नव्हता. सर्वांना घरात बसा म्हणून सांगत असताना ज्याला फडात उभे केले, त्याची पाळी घरात बसलेल्यांच्याही मागे लागली. यादी करताना त्याची आठवण करून देणारे कुणी नव्हते. ती आठवण देणे कुणाचे काम होते? आमच्या मते ज्याचा ऊस त्याचे, म्हणजे तुमचे-आमचे.

लोकांच्या वागण्याचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. लस तुटपुंजी होती तेव्हा ती सगळ्यांना हवी होती. पहाटेपासून रांगा, केंद्रावर हमरीतुमरी, ओळखीने नाव घुसवल्याच्या तक्रारी. शहरातली मंडळी मोबाईलवर ग्रामीण केंद्राची वेळ पकडायची आणि मोटारीने येऊन लस घेऊन जायची, गावचे लोक बाहेर बघत उभे. तरुणांना नोंदणी फक्त मोबाईलवरूनच, असा सुरुवातीचा नियम. ती सक्ती २४ मे २०२१ नंतर सैल झाली. त्या काळात मार्चअखेरीस बीड जिल्ह्यात दहा दिवस कडकडीत टाळेबंदी झाली, आठवडी बाजार मोडले, लग्ने पाच-पन्नास माणसांत उरकली. एप्रिलमध्ये अंबाजोगाईत एका रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानात नेल्याची बातमी देशभर गेली. त्या दिवसांत लस नको म्हणणारा माणूस शोधून सापडला नसता.

आणि दिवाळीच्या सुमारास, लस भरपूर झाली तेव्हा? तेच लोक, तेच केंद्र, आणि कर्मचारी दारोदार फिरून विनवताहेत. ‘आता कुठं करोना हाय?’ ‘घेतली त्यालाबी झालाच की!’ हे आपण सर्वांनी ऐकले आहे. माणूस भीतीने रांगेत उभा राहतो आणि भीती ओसरली की घरी जातो. हा स्वभाव आहे, त्यावर रागावून उपयोग नाही.

पण कोयत्याच्या माणसाला या माळेत ओवू नका. त्याचे ‘नको’ निराळे होते, आणि ते शिकल्या-सवरल्यांनी नीट ऐकून घेतले नाही. अडाणी आहेत, घाबरतात, असे म्हणून मोकळे झाले. थोडा त्याचा हिशेब करू. राज्याने ८ ते १४ ऑक्टोबर २०२१ या काळात ‘कवच कुंडल’ नावाची मोठी मोहीम काढली. १५ ऑक्टोबरला दसरा होता, आणि त्याच तारखेपासून गाळपाला परवानगी होती. म्हणजे मोहीम संपली आणि टोळी निघाली. त्या दिवशी कुणी कोविशिल्डचा पहिला डोस घेतला असता, तर ८४ दिवसांच्या नियमाने दुसरा येणार ७ जानेवारी २०२२ ला. त्या दिवशी तो माणूस कुठे असणार? सांगली-कोल्हापूरच्या फडात, नाहीतर कर्नाटकात, भल्या पहाटे थंडीत पाचट सोलत. डोस देशात कुठेही मिळेल असा नियम होता खरा. पण नोंदणी ज्या मोबाईलवर झाली तो मुलाकडे, मुलगा गावी आजीजवळ. किंवा नोंद मुकादमाच्या मोबाईलवर, आणि एका नंबरवर तेव्हा चारच नावे चालत. टोळी वीस माणसांची.

त्याहून मोठी गोष्ट तापाची. लस घेतली की एक-दोन दिवस अंग मोडून येते, हे सर्वांना माहीत होते. तुम्ही-आम्ही घोंगडी पांघरून पडलो, घरच्यांनी चहा दिला. फडात एक दिवस पडले की खाडा. नवऱ्याला ताप आला तर बायकोचाही दिवस गेला, कारण कोयता दोघांचा. उचल फिटायची राहते, वरून खाड्याचे पैसे कापले जातात. ‘लस फुकट हाय, पर ताप फुकट न्हाई,’ हे एका वाक्यात त्याचे सगळे अर्थशास्त्र आहे. त्यात अडाणीपणा कुठे आहे ते कुणी दाखवावे.

त्याच्यावर सक्ती करावी, असेही एक मत होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या वेळच्या औरंगाबाद जिल्ह्यात हुकूम निघाला होता की एकही डोस नसेल तर पेट्रोल, गॅस, रेशन मिळणार नाही. लोक धावले, केंद्रावर गर्दी झाली, हे मान्य. आमच्या मनाला मात्र पोटाचे धान्य या कामाला लावणे पटले नाही. आणि कोयत्याच्या बाबतीत तर ही सक्ती लागूच पडत नव्हती. त्याचे रेशन गावी, तो फडात. सहा महिने तो रेशन दुकानासमोर जातच नाही, त्याचे बंद काय करणार?

आपल्या युसूफ वडगाव भागात ही गोष्ट परक्याची नाही. धनेगावच्या मांजरा धरणात पाणी असले की ऊस, नसले की कोयता, असा इथला जमाखर्च आहे. एकाच वाड्यात थोरला सभासद आणि धाकटा मुकादमाच्या उचलीवर, अशी घरे तुम्ही बोटावर मोजून दाखवाल. आपल्या शेतातला ऊस जशा बाहेरच्या टोळ्या तोडतात, तसा दुसऱ्यांचा ऊस आपल्या गावची माणसे तोडतात. २०२० च्या एप्रिलमध्ये १ लाख ३१ हजारांवर ऊसतोड कामगार ३८ कारखान्यांच्या तळावर अडकून पडले होते. १७ एप्रिलला शासनाने त्यांना गावी परतण्याची परवानगी दिली. परत आले तेव्हा कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या. शाळेत ठेवा, मळ्यात ठेवा, गावात नको. भीती होती, आम्हीही समजू शकतो. पण दसऱ्याला ज्यांना ओवाळून गाडीत बसवले, त्यांनाच चैत्रात ‘बाहेरचे’ म्हणणे शोभले नाही. शोभले नाही ते लिहून ठेवावे, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा तेच होईल.

हे जमणारच नव्हते, असे कुणी म्हणेल तर ते आम्हाला मान्य नाही. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवीच्या लसीचे वण आहेत. त्या काळी लस टोचणारा गावात, वाडीवर, पालावर येई. वय विचारत नसे, कागद मागत नसे. देवीचा आपल्या देशातला शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५ मधला. पुढे पोलिओचे थेंब आले. त्या मोहिमेने वीटभट्ट्या, बांधकामे, पाल, टोळ्या यांच्या वेगळ्या याद्या केल्या आणि लेकरू जिथे सापडेल तिथे थेंब पाजले. २०११ च्या जानेवारीनंतर देशात रानटी पोलिओचा रुग्ण नाही. म्हणजे माणूस फिरता असला तरी लस त्याच्या मागे जाऊ शकते. करोनात आपण उलटे केले, माणसाने लसीच्या मागे जावे असे ठरवले.

आता कुणी म्हणेल, करोना संपला, जागतिक आरोग्य संघटनेनेही मे २०२३ मध्ये आणीबाणी उठवली, हे गाऱ्हाणे कशाला? तर लेकरांसाठी. लहान मुलाला जन्मल्यावर दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने झाले की पेंटाव्हॅलंटचे तीन डोस असतात. नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाचा पहिला, दीड वर्षाच्या आसपास दुसरा. आश्विनात जन्मलेले मूल आईबरोबर फडात गेले, तर पहिल्या तिन्ही पाळ्या कोपीवर येतात. आईचे कार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. तिथल्या आशाताईच्या यादीत हे मूल नाही, इथल्या आशाताईच्या यादीत आहे पण मूल इथे नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत आणि मालेगावात गोवर कसा उसळला ते आपण वाचले. चुकलेल्या डोसांचा तो परिणाम होता. दाटीवाटीच्या कोप्यांत गोवर शिरला तर तो थांबायचा नाही, आणि टोळीच्या टोळी उठून गेली तर आपला ऊस फडात वाळेल, हेही लक्षात घ्या. २०२१-२२ च्या हंगामात जून उजाडला तरी मराठवाड्यात गाळप चालू होते. तोडणारा माणूस मिळत नाही म्हणजे काय, ते तेव्हा आपण भोगले आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ठराव यावा. करार करताना मुकादमाने प्रत्येक कोयत्यामागे दोन नावे, त्यांचे गाव, आणि बरोबरच्या लेकरांची नावे व जन्मतारखा लिहून द्याव्यात. शासनाने ग्रामपंचायतींमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी आणि ओळखपत्रे सुरू केली आहेत, त्यामुळे हे काम आता अवघड राहिलेले नाही. ती यादी गट कार्यालयातून त्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पोचती व्हावी. लसीचा दिवस टोळीच्या सुट्टीच्या दिवशी धरावा आणि ताप आल्यास दोन दिवस खाडा धरू नये, त्याचा खर्च कारखान्याने सोसावा.

यावर एक आक्षेप येणार हे आम्ही जाणतो. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचेच आहेत, मग आणखी भुर्दंड कशाला? उत्तर असे की महामंडळाचा पैसा योजनांना जातो, तो जरूर जावा. पण बाळाच्या अडीच महिन्यांच्या डोसाची तारीख महामंडळाला ठाऊक नसते. ती चिटबॉयला ठाऊक असू शकते, कारण तो रोज फडात जातो, रोज पावती फाडतो. दोन दिवसांच्या खाड्याचा बोजा टनावर वाटला तर किती पडेल, याचा आकडा हिशेब खात्याने सभेपुढे ठेवावा. तो ऐकून मग कुणाला विरोध करायचा तर त्याने उभे राहून करावा.

आणि जे सभासद स्वतः किंवा ज्यांचे भाऊबंद यंदा बाहेर तोडणीला निघाले आहेत, त्यांनी सभेची वाट पाहू नये. बाळाचे लसीचे कार्ड पेटीतून काढून बरोबर घ्यावे. निघण्यापूर्वी आशाताईंना भेटून पुढच्या तारखा त्यावर लिहून घ्याव्यात, आणि ज्या कारखान्यावर जात आहात त्याचे नाव त्यांच्या वहीत लिहून द्यावे.