भरलेली पेटी खोटं बोलते

या विकांताला एका मित्राकडे गेलो होतो. नवा फ्लॅट, नवं फर्निचर, आणि नवीकोरी स्क्रू-ड्रायव्हर बिट्सची पेटी. एकशे पंधरा नग! काळा फोम, त्यात प्रत्येक बिटला आपापली खाच, झाकण उघडलं की दागिन्यांच्या दुकानात आल्यासारखं वाटावं. "बघ, याला म्हणतात ऑर्गनायझेशन," मित्र म्हणाला. मी बघितलं, चहा प्यायलो आणि गप्प घरी आलो. तिथे बोललो असतो तर मैत्री गेली असती :) म्हणून इथे बोलतो.

मंडळी, ही पेटी वाईट आहे. बिट्स वाईट आहेत असं नाही, काही बरी असतात. पेटीमागचा विचार वाईट आहे. नीट ठेवणं म्हणजे सगळं भरलेलं, चकाचक दिसणं, असा तो विचार. मीही वर्षभरापूर्वीपर्यंत याच पंथाचा होतो. त्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याने मोजली, म्हणून हा सगळा खटाटोप.

माझं आजोळ आंबागड. भंडारा जिल्ह्यात, तुमसरजवळ. बख्त बुलंदचा सुभेदार राजा खान पठाण याने सतराशेच्या सुमारास बांधलेला किल्ला डोंगरावर, आणि खाली धानाच्या बांध्या. मामाचं तुमसरला मोटार वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. गावातल्या मोटारी, स्टार्टर, पंखे सगळं त्याच्याकडे येतं, आणि जे येऊ शकत नाही तिकडे तो जातो. एका खांद्यावर केबल, दुसऱ्या खांद्यावर कॅनव्हासची गुंडाळी. गुंडाळीत आजीने शिवलेले सात खण, सात पेचकस. त्यांच्या मुठी इतक्या झिजलेल्या की कुठला कुठला हे तो अंधारात हाताने ओळखतो.

गेल्या जुलैत चार दिवस घरून काम घेऊन तिकडे गेलो. जाताना मामाला भेट म्हणून अशीच एक पेटी नेली. पुण्याचा भाचा, इंजिनिअर, मामाचं आधुनिकीकरण करणार! मामाने पेटी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाला, "लय भारी हाय बाबू. पण मले एवढ्याचं का काम?" मी त्याला अर्धा तास लेक्चर दिलं. गुंडाळी दुकानात ठेवा, हे घेऊन जा, यात सगळं आहे. भाच्याचं मन मोडवेना म्हणून असेल, मामा तयार झाला.

आदल्या रात्री मी घरातल्या पंख्याचा रेग्युलेटर आणि एक स्विचबोर्ड दुरुस्त करत बसलो होतो. काम संपवून पेटी लावताना एक खाच रिकामी राहिली. तिथलं बिट ड्रिलच्या तोंडातच अडकलेलं होतं आणि ड्रिल आतल्या खोलीत होतं. आता उठायचं कोणी? पेटीत दुसऱ्या ओळीत तसंच दिसणारं एक जास्तीचं बिट होतं. ते उचललं आणि रिकाम्या खाचेत बसवलं. पेटी पुन्हा भरलेली दिसली. मला बरं वाटलं. झोपलो.

सकाळी शेजारच्या काकांचा निरोप आला, मोटार सुरू होत नाही. रोवणी चालू होती. पऱ्हे उपटून ठेवलेले, बाया बांधीच्या धुऱ्यावर बसलेल्या, आणि पावसाने चार दिवस दडी मारलेली. शेतीपंपांना थ्री फेज वीज दिवसातले ठरावीक तासच मिळते, तीही पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. त्या दिवशी दुपारपर्यंतची पाळी होती. मामाने लाइन बंद केली, टेस्टरने खात्री केली, स्टार्टर उघडला. काँटॅक्टरच्या एका टर्मिनलखाली वायर सैल होऊन काळी पडली होती. पाच मिनिटांचं काम. मामाने पेटीवरचं अक्षर वाचून बिट काढलं, स्क्रूला लावलं, जोर दिला. बिट घसरलं. पुन्हा दाब दिला, पुन्हा घसरलं. तिसऱ्या वेळी स्क्रूचं डोकंच गुळगुळीत झालं.

काय झालं होतं? जरा तांत्रिक बोलू, पण सगळा खेळ इथेच आहे.

आपल्या नजरेला 'प्लस' दिसणारे स्क्रू एका जातीचे नसतात. एक फिलिप्स. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सने १९३६ च्या सुमारास पेटंट घेऊन तो बाजारात आणला. दुसरा पोझिड्राइव्ह, साठच्या दशकातला, त्याचा सुधारलेला भाऊ. याच्या डोक्यावर मुख्य फुलीच्या मधोमध तिरक्या चार बारीक रेघा असतात. फिलिप्सच्या खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर वाढला की बिट वर सरकतं. पोझिड्राइव्हच्या भिंती जवळजवळ सरळ असतात, म्हणून नेमकं बिट लावलं तर पकड घट्ट बसते. तिसरा जपानी प्रमाणाचा, ज्याच्या डोक्यावर बऱ्याचदा एक बारीकसा ठिपका असतो. तिघे भाऊ एकमेकांसारखे दिसतात, पण एकाचं बिट दुसऱ्यात लावलं की थोडं बसतं, थोडं फिरतं, आणि नेमक्या जोराच्या क्षणी दगा देतं. काँटॅक्टर आणि एमसीबीच्या टर्मिनलला बहुतेक वेळा पोझिड्राइव्ह दोन नंबर, म्हणजे पीझेड२ लागतो. पेटीत पीझेड२ असं लिहिलेल्या खाचेत मी रात्री पीएच२ खोचलं होतं. खरं पीझेड२ आजोळच्या आतल्या खोलीत ड्रिलच्या तोंडात होतं. आणि मामाचा जुना, झिजलेल्या मुठीचा, हमखास पकडणारा पेचकस तुमसरच्या दुकानात होता. का? तर मी ठेवायला लावला होता म्हणून.

मामा गाडी काढून तुमसरला गेला आणि नवा काँटॅक्टर घेऊन आला. येईपर्यंत विजेची पाळी संपली होती. बाया वाट बघून दुसऱ्याच्या बांधीत गेल्या. रोवणीच्या दिवसांत मजूर एकदा निसटले की लगेच परत मिळत नाहीत, काकांची रोवणी तीन दिवस पुढे गेली. मामा मला एक शब्द रागावून बोलला नाही. रात्री जेवताना फक्त एवढंच म्हणाला, "बाबू, तुह्या पेटीत सारं होतं. पायजे होतं तेच नव्हतं."

आता मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे रात्रभर जी टोचणी लागली ती आपल्या भाषेतली होती. मी काय केलं होतं? नल व्हॅल्यू दिसू नये म्हणून तिथे डिफॉल्ट भरली होती! रिकाम्या खाचेने रात्री आठ वाजता घरात एरर दिली असती. मी ती एरर दाबली, आणि ती सकाळी दहा वाजता प्रॉडक्शनमधे, लोकांच्या समोर, चिखलात फुटली. हापिसात ज्युनिअरने असा कोड लिहिला असता तर मी त्याचा कोड रिव्ह्यू हाणून पाडला असता.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. पेटीचं काम वस्तू सांभाळणं हे दुय्यम आहे. तिचं मुख्य काम म्हणजे काय नाही हे सांगणं. रिकामी खाच डोळ्यात खुपली पाहिजे. एकशे पंधरा नगांच्या पेटीत एक जागा रिकामी असेल तर कोणाला दिसणार? बारा जागांमधली एक रिकामी असेल तर आंधळ्यालाही कळेल.

हे काही माझं डोकं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मधे शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी यादी आणली, तिच्या शेवटच्या टप्प्यात रुग्ण बाहेर जाण्यापूर्वी उपकरणं, सुया आणि कापसाचे बोळे मोजायचे असतात. त्या कामाचे प्रमुख डॉ. अतुल गवंडे. त्यांचं मूळ गाव आपल्या विदर्भातलंच, यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळचं उटी. जगातल्या मोठमोठ्या सर्जनना 'निघण्यापूर्वी मोजा' हे सांगावं लागतं, तर आपण कोण लागून गेलो?

दुसरं म्हणणं, आणि इथे मित्र जास्त चिडतील. या पेट्या कामाप्रमाणे नाही, मापाप्रमाणे लावलेल्या असतात. एका ओळीत टॉर्क्स लहान ते मोठं, दुसऱ्या ओळीत हेक्स लहान ते मोठं. दिसायला सुरेख! पण बांधीत उभा असलेला माणूस काम करतो स्टार्टरचं. स्टार्टरला लागतं पीझेड२, एक चपटं आणि एक पीएच२. ती तीन बिटं तीन टोकांना. आणि झिजतं कोण? पीएच२ आणि पीझेड२. बहुतेक पेट्यांत ही एक-दोन, आणि जन्मात एकदाही न लागणारी त्रिकोणी, चौकोनी, तारेच्या आकाराची पंधरा-वीस. आकडा मोठा दिसावा म्हणून ही भरती! आपण नग मोजून पैसे देतो, काम मोजून देत नाही.

फाइव्ह एसची पोस्टरं पुण्याच्या आसपासच्या कारखान्यांत भिंतीभिंतीवर दिसतात. त्यातला पहिला एस म्हणजे सेइरी, नको ते काढून टाकणं. मांडणी, म्हणजे सेइतोन, दुसरी. पेटीवाले थेट दुसऱ्यावर उडी मारतात. कचरा नीट मांडला तरी तो मांडलेला कचराच राहतो.

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींकडे वळतो, नाहीतर ती उगाच खूष व्हायची. आपल्यातले काही म्हणतील, "बघ, मी म्हणत होतो ना, गावातला मिस्त्री एका टेस्टरवर सगळं करतो, तुमचे नखरे कशाला?" च्यायला, हे तर त्याहून वाईट! एका टेस्टरवर सगळं करणारा मिस्त्री ज्या घरून जातो तिथे अर्धे स्क्रू गुळगुळीत झालेले असतात, आणि पुढच्या वेळी ते काढायला छिन्नी लागते. आपण शहरात बसून त्याला जुगाड म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. त्याचा भुर्दंड ज्याचा पंखा आहे तो भरतो. मामा जुगाडू नव्हताच. सात खण, सात पेचकस, एक खण रिकामा असला की गुंडाळी तिथे ढिली पडायची आणि हाताला लगेच कळायचं. त्याच्याकडे उत्तम व्यवस्था होती. मी तिला मागास समजलो कारण तिला झाकण नव्हतं आणि फोम नव्हता. असो.

मग आम्ही काय केलं? उरलेल्या दोन दिवसांत मामाच्या दुकानात बसून सागवानाचा एक ठोकळा घेतला. मी रुबाबात म्हणालो, "मामा, बिटचा दांडा पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. साडेसहाचं ड्रिल द्या." भोक पाडलं. बिट जाईना! मामा हसून लोटपोट. दांडा षटकोनी असतो हो, ६.३५ हे सपाट बाजूंमधलं अंतर. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ७.३३ भरतं. साडेसातचं ड्रिल लावलं, आणि चार वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीचा निकाल लागला :)

ठोकळ्यात बारा भोकं. पीएच२ तीन, पीझेड२ तीन, दोन्हींचं एक नंबरचं एकेक, दोन चपटी, चार आणि पाच मिलिमीटरचं हेक्स. टोकं वर, म्हणजे जात दिसते. बिटावर कोरलेलं अक्षर चिखलात दिसत नाही, म्हणून सगळ्या पीझेडच्या मानेला मामीच्या लाल नेलपॉलिशचं कडं. ठोकळा बसतो एका चौकोनी स्टीलच्या डब्यात. झाकण आणि बिटाच्या टोकात जेमतेम दोन मिलिमीटर जागा, त्यामुळे डबा उलटा झाला तरी बिट भोकातून निघत नाही. फोम नाही, कारण आमचा जिल्हा तलावांचा, आणि फोम एकदा ओला झाला की आठवडाभर ओल धरून बसतो आणि बिटांना गंज चढतो. त्याऐवजी तेलाचा हात फिरवलेलं एक फडकं.

आणि नियम दोनच. पहिला, दुकानाचा संच वेगळा आणि बाहेरचा वेगळा, एकातून दुसऱ्यात उसनं नाही, 'फक्त दोन मिनिटं' सुद्धा नाही. दुसरा, भोक रिकामं असेल तर ते रिकामंच राहील, जोपर्यंत नेमकं तेच बिट येत नाही तोपर्यंत. निघण्यापूर्वी डबा उघडायचा, बारा मोजायचे, मगच गाडीला किक.

"एवढ्याशा बिटासाठी एवढं भाषण?" असं ज्यांना वाटतंय त्यांना सांगतो, तुमच्या घरी उद्या एसी दुरुस्त करायला येणाऱ्या माणसाच्या पिशवीत एक बिट कमी असेल तर तुमचा फक्त एक शनिवार जाईल. काकांची तीन दिवसांची रोवणी गेली, आणि उशिरा रोवलेला धान मागेच राहतो.

ती एकशे पंधरावाली पेटी सध्या माझ्याकडे पुण्यात आहे. त्यातली चौदा बिटं काढून घेतली, बाकीची तशीच पडून आहेत. परवा मामाचा फोन आला होता. मोटारीबद्दल बोलता बोलता सहज म्हणाला, "काल निघताना अकराच भरली बाबू. परत आत गेलो. भट्टीजवळ पडलं होतं एक." मी विचारलं, उशीर झाला का? म्हणाला, "झाला ना. पाच मिनिटं."