खेळासाठीं सूर कोठून आणावे?

घरोघरचीं मुलें संगणकावरील खेळांत रमलेलीं असतात, ही तक्रार आतां जुनी झाली. परंतु असे खेळ स्वतः रचूं पाहणारे तरुणहि अलीकडे कित्येक कुटुंबांत दिसूं लागले आहेत. आणि त्यांची अडचण वडील मंडळींच्या कानीं पडते ती बहुधा एकाच स्वरूपांत : चित्रें झालीं, नियम बसले, आतां संगीत कोठून आणावें? प्रश्न किरकोळ दिसतो. पण त्यांत कलेइतकाच देण्याघेण्याचा व्यवहार गुंतलेला आहे, म्हणून या वेळीं त्याविषयींच लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या खेळामागें मोठी कंपनी नसते, एक-दोन माणसें पदरच्या वेळानें व पैशानें जो तयार करितात, त्यास 'इंडी गेम' म्हणतात. त्यांतील संगीताचें काम सिनेमांतील संगीताहून निराळें. सिनेमांत प्रसंग किती क्षण चालणार हें आधींच ठरलेलें असतें. येथें खेळणारा एकाच दालनांत दोन मिनिटें राहील कीं दोन तास, हें कोणासच ठाऊक नसतें. म्हणून तुकडा असा बांधावा लागतो कीं, तो संपला कोठें आणि पुन्हां सुरू झाला कोठें हें कळूं नये. ज्यांनीं गाणें ऐकलें आहे त्यांस हें नवल नाहीं. आवर्तन पुरें होऊन ठेका पुन्हां समेवर येतो, आणि शंभर आवर्तनें झालीं तरी तो कानास टोंचत नाहीं. नुसतें गोड गाणें मात्र या कामीं टिकत नाहीं. विसाव्या वेळीं तें नकोसें होतें.

या अडचणींतून 'माइनक्राफ्ट' या खेळानें काढलेली वाट आम्हांस फार मार्मिक वाटते. त्याचा कर्ता मार्कुस पर्सन हा स्वीडनचा. २००९ सालीं त्यानें खेळ लोकांपुढें मांडला तेव्हां त्याच्यापाठीं मोठें भांडवल नव्हतें. संगीत दिलें डॅनियल रोझेनफेल्ड या जर्मन तरुणानें. त्यानें संथ, विरळ असे तुकडे केले, आणि ते खेळांत अखंड वाजत नाहींत. मध्यें कित्येक मिनिटें संगीत मुळींच नसतें. खोदकाम करतां करतां, ध्यानींमनीं नसतां सूर उमटतात आणि विरून जातात. कंटाळा टाळण्यास गप्प राहणें हाहि उपाय आहे, हें पुष्कळ गायकांसहि साधत नाहीं!

रोझेनफेल्डनें आणखी एक शहाणपणा केला. आपल्या संगीताची मालकी त्यानें स्वतःकडेच ठेविली. २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टनें ती खेळाची कंपनी अडीचशें कोटी डॉलरांस घेतली, तरी तें संगीत त्या सौद्यांत गेलें नाहीं. २०११ सालीं निघालेला त्याचा 'व्हॉल्यूम अल्फा' हा संग्रह २०२५ सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें आपल्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचींत दाखल केला.

दुसरा मार्ग सर्व कांहीं स्वतः करण्याचा. 'स्टारड्यू व्हॅली' (२०१६) या शेतकी जीवनावरील खेळासाठीं एरिक बॅरोन यानें चार वर्षांहून अधिक काळ एकट्यानें खपून चित्रें, लेखन व संगीत सर्व केलें, आणि प्रत्येक ऋतूस निराळ्या चाली दिल्या. आपल्याकडील उदाहरण पुण्याचें आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेनें २०२० सालीं 'राजी' हा पौराणिक वळणाचा खेळ काढिला. त्याचे संगीतकार लिनोस त्झेलोस हे ग्रीक. दुर्गा व विष्णु आपले आणि सूर ग्रीकाचे, याचें कोणास वैषम्य वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. मात्र गल्लोगल्लीं सतार-बासरी शिकणाऱ्या मुलांना असेंहि कांहीं काम जगांत आहे याची कल्पना कोणी दिली आहे काय, अशी शंका येते.

ज्यास स्वतः जमत नाहीं तो इंटरनेटवरील 'फुकट' संगीताकडे वळतो. फुकट म्हणजे बेवारशी नव्हे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांत 'बीवाय' असेल तर कर्त्याचें नांव दिलेंच पाहिजे. 'एनसी' असेल तर विक्रीच्या खेळांत तें संगीत चालत नाहीं. आणि 'एनडी' असेल तर हलत्या चित्रांशीं तें जुळविणें हाहि फेरफारच धरतात.

जुन्या संगीताबद्दलहि असाच घोटाळा होतो. राग कोणाच्या मालकीचा नाहीं. रचनेवरील हक्क आपल्या कायद्यानें कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें टिकतो. 'स्वयंवर' नाटक १९१६ सालचें. भास्करबुवा बखले १९२२ सालीं व खाडिलकर १९४८ सालीं निवर्तले. तेव्हां बुवांच्या चाली घरच्या पेटीवर वाजवून खेळांत घालण्यास येथें आडकाठी नाहीं. परंतु त्याच पदाचें ध्वनिमुद्रण ही निराळी वस्तु आहे. १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मुद्रणावरील हक्क २०३५ अखेरपर्यंत चालतो. आजोबांच्या कपाटांतील तबकडी आपली असली, तरी तिच्यांतील गाणें खेळांत घालण्याचा अधिकार तिच्याबरोबर घरीं आलेला नसतो. परदेशांतल्या मुदती आणखी निराळ्या.

सर्वांत नाजूक प्रकरण मित्राचें. बरोबरीचा कोणी स्नेहापोटीं चार तुकडे करून देतो. कागद मागणें दोघांसहि संकोचाचें वाटतें. परंतु १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वयें हक्क सोंपविणें लेखी व सहीनिशींच व्हावें लागतें. त्यांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची समजतात. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच धरतात. खेळ तर पहिल्या दिवसापासून जगभर विकला जातो! म्हणून मुदत, प्रदेश, मोबदला आणि श्रेयनामावलींत नांव कसें यावें, एवढ्या चार गोष्टी एका पानावर लिहून दोघांनीं सह्या कराव्या, आणि त्या खेळ विक्रीस ठेवण्यापूर्वीं कराव्या.