बागेच्या मातीचा सातबारा

कामोठ्याच्या बागेत संध्याकाळी बसतो. हिरवळ, बाक, कडेनं फुलझाडं. पाटी सांगते, 'फुले तोडू नयेत.' नाही तोडत. पण ही माती कुणाच्या घामाची, हे कुठली पाटी सांगणार?

दोस्तांनो, सिडको आली १९७० साली. त्याआधी हा पट्टा खाडीकाठच्या भातशेतीचा. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरणचा शेतकरी जमिनीच्या दामासाठी उठला. गोळीबारात पाच गेले. त्या रक्तातून साडेबारा टक्के आले. त्या पाचांना सलाम! पण टक्के मोजले सातबाऱ्यावरून. दुसऱ्याच्या बांधावर जन्मभर चिखल उपसणाऱ्याचा उतारा कुठल्या तलाठ्याकडं?

म्हणाल, स्मारक बांधा. आपण काय बघतोय? बाबासाहेबांचा पुतळासुद्धा जाळीत ठेवावा लागतो. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात विटंबनेचा जाब मागितला, तर दहा माणसं गोळीनं मारली. झाडालाही पिंजरा लागतो, पण रोप लहान असेस्तोवर. खोड भरलं की पिंजरा काढावाच लागतो.

म्हणून झाडं लावा. पाच उरणची, दहा रमाबाई नगरची, एक बिनसातबाऱ्याच्या माणसाचं. पाणी सगळ्यांनी घालायचं. १९२७ साली महाडला आपण काय फक्त तहान भागवायला गेलो होतो?

आणि बागेत झाडू मारणारी बाई दमली, तर त्याच सावलीत, त्याच बाकावर बसेल. तिला कुणी उठवलं, तर आपण उठायचं.