मामूंचे चारशे चोवीस रुपये

गेल्या रमजान ईदच्या आधी पुण्याहून मिरजेला गेलो होतो. तिथल्या बाजारात मामूंचं तयार कपड्यांचं दुकान आहे आणि ईदचे कपडे मामूंकडूनच घ्यायचे, हा आमच्या घरचा अलिखित नियम. अम्मी, बायको, मुलं, भावाची मुलं, सगळ्यांचं मिळून बिल झालं १८,००० रुपये. मामू नेहमीप्रमाणे म्हणाले, "राहू दे, नंतर दे." मी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही. क्रेडिट कार्ड काढून मशीनवर टेकवलं, पावती आली, विषय संपला. नात्यात उधारी ठेवली नाही याचं समाधान, वर कार्डावर पॉइंट्स जमा.

दुसऱ्या दिवशी मामूंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "बेटा, तू कॉम्प्युटरवाला. हे जरा समजावून सांग." त्यांच्या खात्यात जमा झाले होते १७,५७५ रुपये २० पैसे. १८,००० वर २ टक्के म्हणजे ३६० रुपये, त्या ३६० वर १८ टक्के जीएसटी ६४ रुपये ८० पैसे. एकूण कपात ४२४ रुपये ८० पैसे.

"कापतात हे मला माहीत आहे," मामू म्हणाले. "नेतं कोण, ते सांग."

मी दोन वर्षं पेमेंटच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय. हे पैसे कोण नेतं ते मला तोंडपाठ आहे. आमच्या डेटाबेसमध्ये तो एक कॉलम होता, एमडीआर नावाचा, म्हणजे दुकानदाराकडून कापायचा दर. दोन वर्षं तो कॉलम रोज पाहिला, पण त्याच्या पलीकडे कुणाचा तरी मामू बसलेला असेल हे कधी मनात आलं नाही.

तर उत्तर असं. दुकानदाराला मशीन देणारी बँक किंवा कंपनी आपला वाटा ठेवते. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारखं जाळं चालवणारी कंपनी आपला थोडा वाटा घेते. आणि सगळ्यात मोठा तुकडा जातो ज्या बँकेने मला कार्ड दिलं तिच्याकडे. या तुकड्याला इंटरचेंज म्हणतात. त्यातलेच काही पैसे बँक मला पॉइंट्स, कॅशबॅक, विमानतळावरचा लाउंज अशा रूपात परत देते. माझ्या १८,००० च्या खरेदीवर मला साधारण १८० रुपयांचे पॉइंट्स मिळाले होते. बँक मला बक्षीस देते असं मी समजत होतो. बक्षीस बऱ्याच अंशी मामूंच्या गल्ल्यातून येत होतं.

आपल्या मित्रमंडळींत क्रेडिट कार्डाचा विषय निघाला की एकच प्रश्न असतो: यात सूद आहे की नाही? प्रश्न बरोबर आहे. बिलातले थोडे जरी पैसे मागे ठेवले तर बहुतेक कार्डांवर महिन्याला ३ ते पावणेचार टक्के व्याज लागतं, तेही खरेदीच्या तारखेपासून. 'मिनिमम ड्यू' भरत राहणारा माणूस या चिखलात वर्षानुवर्षं रुततो. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे ती वेसणही राहिली नाही. मग आपण काय करतो? तारखेच्या आत पूर्ण बिल भरतो आणि म्हणतो, मी सूद दिला नाही, माझे हात स्वच्छ.

मीही हेच म्हणत होतो. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. पण या विषयावर वाचताना एक गोष्ट सापडली. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने सप्टेंबर २००० मध्ये रियाधच्या अधिवेशनात क्रेडिट कार्डावर ठराव केला, क्रमांक १०८. व्याजाची अट असलेलं कार्ड चालणार नाही, असं त्यात आहे. दुकानदाराकडून कमिशन घ्यायला मात्र मुभा आहे, एका अटीवर: दुकानदाराने कार्डवाल्याला आणि रोखीवाल्याला एकाच भावात माल विकावा. अटीचा हेतू समजतो. कार्डवाल्याकडून जादा घेतले तर मागच्या दाराने व्याजच आल्यासारखं होईल.

पण इंजिनिअरची खोड म्हणून मी ती अट दुकानाच्या हिशेबात घालून पाहिली. भाव एकच ठेवायचा आणि काही गिऱ्हाइकांमागे २ टक्के कापले जाणार, तर दुकानदारापुढे दोनच रस्ते उरतात. स्वतः सोसायचं, नाहीतर सगळ्यांचाच भाव थोडा चढवायचा. भाव चढला की जी बाई दोनशे-दोनशेच्या नोटा मोजून पोराला शर्ट घेते, जिला कुठलीच बँक कार्ड देणार नाही, ती माझ्या लाउंजमधल्या कॉफीचे पैसे भरते. तिला हे कधी कळत नाही. मलाही कळलं नव्हतं.

मामूंच्या बाबतीत बहुतेक वेळा पहिलाच रस्ता असतो, कारण शेजारच्या दुकानात तोच शर्ट त्याच भावात टांगलेला असतो. मुलांच्या कपड्यांत त्यांना सुटतात साधारण १२ टक्के, म्हणजे माझ्या बिलावर २,१६० रुपये. दुकानाचं भाडं, वीज, कामावरच्या पोराचा पगार यायच्या आधीच त्यातला पाचवा हिस्सा गेला. आणखी एक हिशेब मला जास्त लागला. मामू जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहेत. छोटा व्यापारी त्यात उलाढालीवर १ टक्का कर भरतो, गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेऊ शकत नाही, आणि कार्डाच्या कपातीवर लागलेल्या जीएसटीचा परतावाही त्याला मिळत नाही. म्हणजे कार्डाने झालेल्या विक्रीवर सरकार घेतं त्याच्या दुपटीहून जास्त कार्ड नेतं. कराविरुद्ध निदान मोर्चा तरी निघतो.

यावर मित्र म्हणतात, मशीन घ्यायची कुणी सक्ती केली होती? हे मी मामूंनाच विचारलं. ते हसले. "मशीन परत केली तर तुझ्यासारखी पोरं मॉलमध्ये जातील." तेही खरं. रोखीलाही खर्च असतोच: सुटे पैसे, खोटी नोट, बँकेतली रांग, संध्याकाळी गल्ला घरी नेताना पोटात असलेली धाकधूक. आणि उधारीवर कपडे नेऊन दोन ईद तोंड न दाखवणारं गिऱ्हाईक २ टक्क्यांपेक्षा महाग पडतं. कार्डाने फायदा होत नाही असं मी म्हणत नाही. पण आज १८,००० रुपये दुकानदाराला एक पैसाही न कापता देता येतात. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर दुकानदाराला शून्य शुल्क आहे. इतर डेबिट कार्डांवरही रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून मर्यादा घातली आहे: वर्षाला २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यापुढच्यांना ०.९०. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही. युरोपीय संघाने २०१५ मध्ये कायदा करून सर्वसामान्य ग्राहकांच्या क्रेडिट कार्डाचं इंटरचेंज ०.३ टक्क्यावर बांधलं. आपल्याकडे निदान छोट्या दुकानदारापुरती तरी अशी मर्यादा का नसावी, हा प्रश्न आपल्यासारख्या नागरी संघटनांनी रिझर्व्ह बँकेला विचारायला हवा. व्यापारी संघटना विचारतात तेव्हा ते स्वार्थाचं म्हणून बाजूला पडतं. आपण गिऱ्हाईक म्हणून विचारू.

यूपीआय फुकट नाही, हेही मला माहीत आहे. सर्व्हर चालवायला पैसा लागतो. २०२४-२५ साठी केंद्र सरकारने छोट्या दुकानांतल्या २,००० रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांसाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली, म्हणजे करातून भरलं. ते किती वर्षं चालेल हा वेगळा वाद. निदान तो खर्च उघड दिसतो आणि त्यावर संसदेत बोलता येतं.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी, कारण यात जाणकार मित्रही फसलेले पाहिलेत. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. तोच क्यूआर, तेच ॲप, आणि दुकानदाराला वाटतं फुकटचं यूपीआय आलं. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत ते खरंच फुकट आहे. त्यापुढे कपात होते. पिन टाकण्याआधी पैसे कुठल्या खात्यातून जातायत ते एकदा बघा.

कार्ड कापून फेका असं मी सांगणार नाही. माझ्याकडेही आहे. मुस्लिमबहुल वस्त्यांना काही बँका 'निगेटिव्ह झोन' मानतात, ही नोंद सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात आहे. ज्यांच्या वडिलांना पत्ता पाहूनच कर्ज नाकारलं गेलं, त्यांच्या मुलाने वेळेवर भरलेल्या कार्डाच्या बिलांतून आपली पत तयार केली तर मी त्याला नावं ठेवणार नाही. रेल्वेचं तिकीट, मोठ्या कंपनीची ऑनलाइन खरेदी, विमान, इथे मीही कार्डच वापरतो. त्या कंपन्यांकडे दरासाठी घासाघीस करायला वकील आणि हिशेबनीस आहेत. बेकरी, शिंपी, किराणा, गल्लीतला मेडिकलवाला यांच्याकडे नाहीत. तिथे मी खात्यातून यूपीआय करतो. आणि एखादा दुकानदार "कार्ड असेल तर दोन टक्के जादा" म्हणाला तर पूर्वीसारखा भांडत नाही. बँकेशी केलेल्या करारात त्याला तसं घ्यायला सहसा मनाई असते, पण लपवलेला आकडा तो तोंडावर सांगतोय.

बकरी ईदला पुन्हा मामूंकडे गेलो. या वेळी क्यूआर स्कॅन केला. मामूंनी जमा झालेली रक्कम दोनदा वाचली आणि चहा मागवला. रात्री बसून मी ते जुने पॉइंट्स वापरायला काढले. बँकेच्या यादीत १८० रुपयांचं एक गिफ्ट व्हाउचर होतं. शेवटच्या पानावर कळलं की पॉइंट्स वटवायला ९९ रुपये शुल्क आहे, अधिक १८ टक्के जीएसटी. म्हणजे मामूंचे गेले ४२४ रुपये ८० पैसे, आणि माझ्या हाती येणार होते ६३ रुपये १८ पैसे.